आमच्या भागातलं साप्ताहिक बंद पडतंय. चालवायला घेऊ का?

चौकट

मंडळी, हा प्रश्न घरातल्यांना विचारून झाला, मैत्रिणींना विचारून झाला, आता तुम्हाला विचारते.

आमच्या भागात गेली २१ वर्षं एक साप्ताहिक निघतं. ८ पानं, टॅब्लॉइड आकार, दर शुक्रवारी दाराशी. वाटप फुकट, सगळा खर्च जाहिरातींवर. मी गेली ६ वर्षं त्याची प्रूफं तपासते, अधूनमधून एखादी बातमीही लिहिते. संपादक आणि मालक एकच गृहस्थ आहेत. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलीय आणि डोळ्यांनी आता साथ सोडलीय. परवा त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावर दोन वह्या ठेवल्या. एकीत जाहिरातदारांची यादी होती. दुसरीत चुका. २१ वर्षांत छापून आलेली प्रत्येक चूक तारखेसह लिहिलेली, आणि पुढच्या रकान्यात ती कोणत्या अंकात दुरुस्त केली ते. म्हणाले, "तू घेत असशील तर दोन्ही वह्या तुझ्या. नाहीतर वर्षअखेरीला शेवटचा अंक काढतो."

घरचे म्हणतात, आता सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये कळतं, तुझा पेपर वाचतो कोण? मागच्या महिन्यातलंच सांगते. तीन दिवस पाणी नव्हतं. ग्रुपवर शेकड्यांनी मेसेज पडले. कुणी म्हणालं पाइप फुटला, कुणी म्हणालं मुद्दाम बंद ठेवलंय, कुणी दोन वर्षांपूर्वीची नोटीस आजची म्हणून टाकली. आमच्या संपादकांनी पंपिंग स्टेशनला फोन लावला आणि दोन ओळी छापल्या: झडप तुटली आहे, सुटा भाग मंगळवारी येणार आहे. मंगळवारी पाणी आलं.

मला वाटतं, त्या दोन ओळींसाठी हा पेपर राहायला हवा. पण असं वाटून महिन्याचं छपाईचं बिल फिटत नाही हेही कळतं. ज्यांनी असं काही चालवलंय, वाचलंय किंवा बंद पडताना पाहिलंय, त्यांनी लिहावं.

वाचनवेडी

घ्या. त्या चुकांच्या वहीसाठी तरी घ्या!

खिळेजुळारी

धागा वाचून हात शिवशिवले. मी ज्या छापखान्यात उमेदवारी केली तिथे तीन उपनगरांचे तीन साप्ताहिक पेपर छापले जायचे. मालक एक, नावं तीन. आतली पानं तिघांना तीच: आरोग्य, शब्दकोडं, सिनेमा, मोठ्या जाहिराती. पहिलं आणि शेवटचं पान तेवढं बदलायचं. बुधवारी रात्री पहिल्या उपनगराचे अंक निघाले की मशीन थांबवायची, फर्मा, म्हणजे चौकटीत घट्ट बांधलेली पानं, सोडवायचा, मथळ्याचा ब्लॉक काढून दुसरा बसवायचा, चार-पाच बातम्या उचलून दुसऱ्या लावायच्या, पुन्हा सुरू. एकदा घाईत नाव बदललं आणि बातम्या बदलायच्या राहिल्या. एका उपनगराला दुसऱ्याच्या शाळेचा निकाल गेला. मालकांनी ओरडा केला नाही, ते सगळे अंक बाजूला ठेवून पहाटेपर्यंत नवे काढले. कागदाचं नुकसान त्यांनी सोसलं.

चौकटताई, एक हिशेब आधीच समजून घ्या. पेपरची पानं बातम्या किती आहेत यावर ठरत नाहीत, जाहिराती किती आल्या यावर ठरतात. एक ताव दुमडला की चार पानं होतात, म्हणून वाढ-घट चाराच्या पटीत. जाहिरात कमी पडली की ८ ची ४ होतात, आणि मग पहिला कात्रीखाली येतो तो सभेचा वृत्तांत. निम्म्याहून जरा जास्त जागा जाहिरातीला गेली की असा पेपर कसाबसा तगतो. त्याहून जास्त गेली तर लोक त्याला पत्रक समजून टाकून देतात.

गणिती

मी थोडं कटू लिहितो, राग मानू नका.

स्थानिक पेपर ज्या खांबावर उभे होते तो खांब म्हणजे छोट्या जाहिराती. घर भाड्याने, जुनी सायकल विकणे, शिकवणी. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका माणसाने मित्रांना ईमेलने यादी पाठवायला सुरुवात केली, तिचं पुढे क्रेगलिस्ट हे बहुतेक फुकट छोट्या जाहिरातींचं संकेतस्थळ झालं, आणि तो खांब खालून पोखरला गेला. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला होता: २००० ते २००७ या काळात क्रेगलिस्टमुळे अमेरिकेत छोट्या जाहिराती देणाऱ्यांचे ५ अब्ज डॉलर वाचले. जाहिरातदारांचे जे वाचले ते पेपरांचे बुडाले.

बरं, मोठ्या कंपनीने पैसा ओतला तर चालेल, असंही नाही. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने २००९ मध्ये पॅच विकत घेतलं. कल्पना नेमकी हीच, एकेका उपनगराला एकेक संकेतस्थळ आणि त्याचा एक संपादक. बघता बघता सुमारे ९०० ठिकाणी पसरले. २०१३ मध्ये मोठी कपात झाली, २०१४ च्या सुरुवातीला बहुसंख्य वाटा दुसऱ्याच्या हातात गेला आणि आणखी शेकडो जण घरी गेले. एवढं भांडवल असून जमलं नाही. तुम्ही एकट्या आहात. भावनेवर छापखाना चालत नाही.

कोपऱ्यावरचा

गणिती, आकडे बरोबर आहेत पण पॅचचं उदाहरण उलट बाजूने वाचा. एकाच साच्यातून ९०० गावं काढायला गेले म्हणून ते कोसळले. तिथला संपादक एकटाच बातमी लिहायचा, फोटो काढायचा, रोज अमुक इतका मजकूर वर चढवायचा. हिशेब मुख्यालयात, निर्णय मुख्यालयात. चौकटताईंचे संपादक २१ वर्षं टिकले, कारण त्यांचं मुख्यालय त्यांच्याच टेबलावर होतं.

मिशिगनकाठ

मी बरीच वर्षं शिकागोत आहे, म्हणून या विषयाबद्दल जिव्हाळा.

इथे लर्नर नावाचा पेपरांचा समूह होता. लिओ लर्नर यांनी १९२६ मध्ये सुरू केला. शहराचा उत्तर आणि वायव्य भाग आणि पलीकडची उपनगरं मिळून ऐन भरात त्यांच्या ५४ आवृत्त्या निघत. प्रत्येक वस्तीला तिचं नाव असलेला पेपर. युरोपातल्या युद्धापेक्षा आपल्या क्लार्क स्ट्रीटवरची मारामारी आपल्या वाचकाला महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं इथे अजून सांगितलं जातं. पुढे शिकागोचा सगळ्यात गाजलेला स्तंभलेखक झालेला माइक रॉयको, त्यानेही सुरुवातीच्या दिवसांत याच समूहाच्या पेपरात बातमीदारी केली. १९८५ मध्ये समूह पुलित्झर कंपनीकडे गेला, नंतर आणखी हात बदलले, आणि २००५ पर्यंत लर्नर हे नाव पुसलं गेलं.

मॉरिस जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञाने शिकागोच्या याच वस्तीपेपरांवर १९५२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हाचे विद्वान म्हणत होते की महानगरात शेजार संपला, माणूस गर्दीत हरवला. याने घरोघरी विचारून पाहिलं तर लोक हे पेपर आवडीने वाचत होते. ज्यांना मुलं आहेत, जे त्या वस्तीत बरीच वर्षं राहिलेत, ते जास्त. त्याने वस्तीच्या नात्याला ‘मर्यादित जबाबदारीचा समाज’ असं काहीसं नाव दिलं. म्हणजे माणूस वस्तीत गुंततो, पण पोटापुरता. काही मिळेनासं झालं की घर बदलतो. वस्तीचा पेपर हे गुंतणं थोडं घट्ट करतो. मला ते फार पटतं. मी इथे आलो तेव्हा शेजारच्या माणसाचं नाव मला पहिल्यांदा पेपरातच कळलं. त्याने वाचनालयाच्या वेळेबद्दल पत्र लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा मी त्याला त्या पत्राबद्दल विचारलं. आज २० वर्षं झाली, आमची दोस्ती आहे.

तिसरा जिना

मी आठवी ते दहावी असे अंक घरोघर टाकायचे. १४० घरं. पहाटे गठ्ठे यायचे, सुतळी सोडायची, आतलं पत्रक घालायचं, तीन घड्या. ओला कागद बोटाला काळा लागायचा, शाळेत वहीवर ठसे उमटायचे. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. अंक दाराखालून सरकवला की त्या आतून ओढायच्या, इतक्या दाराशी बसलेल्या असायच्या. एकदा मला ताप होता, भावाने अंक टाकले आणि तो मजला विसरला. संध्याकाळी त्या काठी टेकत आमच्या घरी आल्या. अंक मिळाला नाही याची तक्रार करायला आल्या असं आईला वाटलं. त्यांनी विचारलं, "मुलगी बरी आहे ना?"

चौकट, वाटणाऱ्या मुलांना नीट पैसे द्या. तो पेपर त्यांच्या पायांवर चालतो.

मोगरा

@तिसरा जिना, डोळ्यांत पाणी आलं.

खडा सवाल

सगळे फारच हळवे झालेत म्हणून दुसरी बाजू. मी ज्या उपनगरात वाढलो तिथल्या साप्ताहिकात मी दोन वर्षं बातमीदार होतो. पहिल्या पानावर काय? सत्कार. दुसऱ्या पानावर? उद्घाटन. तिसऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा. आमच्या भागात एका इमारतीचं सांडपाणी थेट नाल्यात सोडलं जात होतं. मी चार दिवस हिंडून फोटो काढले, तीन रहिवाशांची नावानिशी विधानं घेतली. बातमी लागली नाही. कारण त्या बांधकामाची पानभर जाहिरात शेवटच्या पानावर होती. मी त्या आठवड्यातच काम सोडलं. ज्यांनी विश्वासाने आपली नावं दिली होती त्यांच्या दारात जाऊन "बातमी येणार नाही" हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते अजून टोचतं.

असा पेपर असण्यापेक्षा नसलेला बरा. लोकांना वाटत राहतं की आपल्या भागात सगळं छान चाललंय.

मिशिगनकाठ

खडा सवाल, तुमचं दुखणं जॅनोविट्झनेही नोंदवलंय. वस्तीपेपर वाद टाळतात, एकोपा दाखवतात, भांडण पानावर येऊ देत नाहीत. वाचकालाही पेपर व्यापारी वाटत नाही, घरचा वाटतो. म्हणूनच तो गप्प बसला की फसवणूक जास्त होते.

नोंदवही

"नसलेला बरा" याला माझा ठाम विरोध. नसला की काय होतं हे मोजलं गेलंय.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराचा सिनसिनाटी पोस्ट हा पेपर ३१ डिसेंबर २००७ ला बंद झाला. खप जेमतेम २७ हजार उरला होता, आणि शहरात दुसरा मोठा पेपर होताच. म्हणजे शहर अंधारात गेलं नाही. पण नदीपलीकडची केंटकीतली उपनगरं हाच पेपर जास्त बारकाईने पाहायचा. सॅम शुलहोफर-वोल आणि मिगेल गॅरिडो यांनी त्या उपनगरांच्या निवडणुका तपासल्या. पेपर गेल्यावर उभे राहणारे उमेदवार घटले, खुर्चीवर असलेलेच पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली, मतदान कमी झालं. निष्कर्ष थोड्या निवडणुकांवरचे आहेत, हे त्यांनी स्वतःच म्हटलंय, पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरा अभ्यास पैशाचा आहे, तो गणितींना आवडेल. अमेरिकेत स्थानिक पेपर बंद पडल्यावर तिथल्या पालिकांना कर्ज महाग पडायला लागलं, व्याजाचा दर ०.०५ ते ०.११ टक्के-अंकांनी चढला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पालिकेची कर्जं मोठी आणि वर्षानुवर्षांची असतात. कुणी बघत नाही म्हटल्यावर पैसे देणारा जोखीम जास्त धरतो.

आणि लंडन. ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांनी आपल्या ब्लॉगवर नोव्हेंबर २०१६ मध्येच लिहून ठेवलं होतं की मोठा अनर्थ झाल्याशिवाय कुणी लक्ष देणार नाही. ते लिहिणं उघड्यावर पडून होतं. त्याच्या मागे लागून चार ठिकाणी प्रश्न विचारणारा, रोज त्या भागात फिरणारा बातमीदार उरला नव्हता. पेपर असता तर आग टळली असती असं मी म्हणणार नाही. पण विचारणारं कुणीतरी तिथे हवं होतं.

बाराखडी

वातावरण गंभीर झालंय, थोडं हलकं करते. आमच्या भागातल्या पेपरात एकदा ‘घर भाड्याने देणे आहे’ यातला घ जाऊन व पडला आणि छापून आलं: ‘वर भाड्याने देणे आहे. हवेशीर, दोन्ही बाजूंनी उजेड, देखभाल व्यवस्थित, कुटुंबास प्राधान्य.’ जाहिरात देणाऱ्या काकांना आठवडाभर फोन येत होते. घर मात्र दोन दिवसांत गेलं!

खिळेजुळारी

घ आणि व! खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवताना ही आमची रोजची भीती. व आणि ब तर विचारूच नका, मधली रेघ झिजली की ‘बंदोबस्त’चा ‘वंदोवस्त’. खण वेगवेगळे असले तरी साफ करताना खिळा चुकीच्या खणात पडला की तो पुढच्या आठवड्यात कुठे उगवेल सांगता यायचं नाही. आमच्याकडे एकदा ‘भव्य सत्कार’चा ‘भव्य सत्कर’ झाला आणि तो गृहस्थ खरोखर करखात्यातला निघाला.

पाऊलवाट

अवांतर होतंय पण राहवत नाही. पालिकेच्या सभेत बातमीदाराला बसू देणं आपण गृहीत धरतो. ब्रिटनमध्ये तो हक्क कायद्यात आला १९०८ मध्ये, आणि तो मिळवला एका चिमुकल्या पेपराने. वेल्समधल्या टेनबी गावच्या टेनबी ऑब्झर्वरच्या संपादकाला नगरपरिषदेने सभेतून बाहेर काढलं. प्रकरण न्यायालयात गेलं, तिथे संपादक हरला. मग ओरड झाली आणि संसदेने कायदा केला.

याच पेपरची पुढची गोष्ट चौकटताईंच्या जास्त कामाची आहे. १९७८ मध्ये तो बंद पडायला आला होता. रे टिंडल यांनी तो घेतला. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटताना मिळालेल्या ३०० पौंडांतून दक्षिण लंडनच्या टूटिंग आणि बॅलम या उपनगरांचा पेपर विकत घेऊन या धंद्यात आलेले. त्यांनी टेनबीत एकच नियम घातला: प्रत्येक बातमीत टेनबी हवं. आजूबाजूचं सगळं काढून टाकलं. पेपर वाचला. आवाका वाढवून तगायचं असं सगळ्यांना वाटतं, यांनी आवाका कमी केला.

उत्तरा

टेनबीची गोष्ट छान. चेन्नईचा मैलापूर टाइम्सही त्याच वाटेचा. १९९४ पासून निघतोय, एका जुन्या वस्तीपुरता, घरोघर फुकट. देवळाभोवतालचे रस्ते, शाळा, सभागृहातले कार्यक्रम, बंद पडलेला दिवा. मी तिथे तीन वर्षं होते. नवी होते, त्या पेपराने मला आठ दिवसांत रस्ते शिकवले.

गणिती

वाचतोय. नोंदवहींच्या कर्जाच्या मुद्द्याने मला विचारात पाडलं हे कबूल करतो. पण त्याचा फायदा अख्ख्या गावाला आणि बिल एकट्या संपादकाला, हाच तर मूळ पेच आहे. फायदा सगळ्यांना वाटला जातो तेव्हा पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही. त्यावर कुणाकडे उत्तर आहे का?

शुक्रवार

थोडंसं आहे. मी आणि माझी बहीण गेली ११ वर्षं दोन लगतच्या उपनगरांचं पाक्षिक चालवतो. श्रीमंत झालो नाही, पण एकही अंक चुकलेला नाही. गणितींच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला एका फटक्यातून मिळालं.

पाचव्या वर्षी आमचं निम्मं उत्पन्न एकाच जाहिरातदाराकडून यायचं. त्याच्या विरुद्ध तक्रारीचं पत्र आलं. आम्ही छापलं. पुढच्या पंधरवड्याला जाहिरात बंद. त्या महिन्यात आम्ही ४ पानी अंक काढला आणि पहिल्या पानावर लोकांना खरं सांगितलं: पानं का कमी आहेत. नाव लिहिलं नाही, कारण लिहिलं. मग जे झालं त्याची अपेक्षा नव्हती. लोक विचारायला लागले, वर्गणी देता येते का? फुकट वाटला जाणारा पेपर, तरी माणसं वर्षाचे पैसे आणून द्यायला लागली. आजही वाटप फुकट आहे, पण छपाईचा जवळपास तिसरा हिस्सा स्वखुशीच्या वर्गणीतून निघतो. त्यानंतर आम्ही ठरवलं की एका जाहिरातदाराला एकूण उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून वर जाऊ द्यायचं नाही. तो जास्त द्यायला तयार असला तरी नाही.

खडा सवाल, तुमच्या पेपरात बातमी मागणारा आणि जाहिरात मागणारा माणूस एकच होता का? आमच्याकडे सुरुवातीला होता. सकाळी ज्याच्या दुकानात जाहिरात मागायला गेलो त्याच्याबद्दल दुपारी प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. आता जाहिराती बहीण बघते, मी तिच्या टेबलावर पाहतसुद्धा नाही.

आणखी एक, चौकट. सभांना जा. आमच्या भागातल्या समितीच्या सभेला पहिल्या दिवशी मी एकटी प्रेक्षकांत होते. सभासद माझ्याकडे बघत होते, ही कोण? चौथ्या सभेला त्यांनी माझ्यासाठी विषयपत्रिकेची प्रत काढून ठेवली होती. मी लिहिलं नाही तरी, मी बसलेय म्हणून ते अंदाजपत्रकातले आकडे मोठ्याने वाचायला लागले.

खडा सवाल

शुक्रवार, हो, एकच होता. मालकच. तुमचा ४ पानी अंक मला वाचायला मिळेल का? मला तो खरंच पाहायचाय.

शुक्रवार

जरूर. स्कॅन करून पाठवते.

नोंदवही

स्कॅनवरून आठवलं. चौकट, तुम्ही पेपर घ्या किंवा घेऊ नका, २१ वर्षांच्या फाइली आधी सांभाळा. मोठ्या पेपरांचे अंक ग्रंथालयात असतात, वस्तीच्या पेपरांचे रद्दीत जातात. शाळा कधी सुरू झाली, पूल कधी पडला, कोणत्या वर्षी पूर कुठल्या पायरीपर्यंत आला, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. वृत्तपत्राच्या कागदात आम्ल असतं, उजेड लागला की तो पिवळा पडून तुटतो. बांधणी घट्ट असेल तर पानं जोर लावून उघडू नका. वरून चांगल्या उजेडात फोनने फोटो घेतले तरी पुष्कळ.

चौकट

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस फक्त वाचत होते, लिहायला वेळ झाला नाही, कारण काल गुरुवार होता आणि अंक लावायचा होता.

शुक्रवार, तुमचा प्रतिसाद मी छापून संपादकांना वाचून दाखवला. त्यांनी जाहिरातींची वही उघडली आणि स्वतःच बेरीज केली. दोन जाहिरातदार मिळून निम्म्याहून जास्त. हे त्यांना माहीत होतं, पण मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं.

मग मी त्यांना त्या २१ वर्षांत न छापलेल्या बातमीबद्दल विचारलं. खडा सवाल यांनी लिहिलं नसतं तर माझी विचारायची हिंमत झाली नसती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन आहेत." चुकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या तिन्ही लिहिलेल्या होत्या. तारीख होती, विषय होता. दुरुस्तीचा रकाना तिन्हींपुढे कोरा.

ठरवलंय. सहा महिने घेते. ८ ची ४ पानं करणार, म्हणजे गणिती म्हणतात तो तोटा निदान हातात मावेल. आमच्या भागाबाहेरचं काहीही नाही, टेनबीचा नियम. महिन्यातून एका सभेला मी स्वतः जाणार. जाहिराती माझी नणंद बघायला तयार झालीय, तिला हिशेब आवडतात आणि ती माझं ऐकत नाही, दोन्ही गुण कामाचे आहेत. वर्गणीची चौकट पहिल्या अंकातच टाकणार. वाटप करणाऱ्या मुलांचे पैसे वाढवलेत, तिसरा जिना यांच्यासाठी.

त्या तीनपैकी एक बातमी अजून जिवंत आहे. शाळेमागच्या मोकळ्या जागेची. कागद मागवलेत. ते हातात येईपर्यंत त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

एक अडचण आहे. आता लिहिणारीही मीच आणि प्रूफं बघणारीही मीच. स्वतःचं लिहिलेलं स्वतः तपासलं की चूक दिसत नाही, हे ६ वर्षांत शिकलेय.

गणिती

चार पानं हा योग्य निर्णय. हिशेबाचा तक्ता करून देतो, नणंदबाईंना पाठवा. छपाई, कागद, वाटप आणि न आलेली येणी, चार रकाने. शेवटचा रकाना कधी विसरू नका.

वाचनवेडी

वर्गणी कुठे भरायची? मी त्या भागात राहत नाही, तरी भरणार.

खिळेजुळारी

चौकटताई, प्रूफं बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवत जा. डोळे अजून ठीक आहेत. घ आणि व मी बघतो.